पाणंद सगळ्यांना हवी, पण कुणाच्या वाट्यातून?

२०२५ च्या जून-जुलैत छत्रपती संभाजीनगरात मुकुंदवाडीपासून जेसीबी निघाले, ते पैठण रोड, पडेगाव-मिटमिटा असे करत पुढे गेले. कारण रस्तारुंदीकरणाचं. त्या दिवसांत मराठवाड्यातल्या शहराशहरांत लोक एकमेकांना एकच गोष्ट विचारत होते, "आपल्याकडे मार्किंग आहे का हो?" म्हणजे रुंदीकरणाची खूण आपल्या भिंतीवर पडली आहे का. परभणी-लातुरातला माणूस, ज्याचा त्या मोहिमेशी काडीचा संबंध नव्हता, तोही स्वतःच्या कंपाउंडच्या भिंतीकडे संशयाने बघायला लागला होता.

टीव्हीवर एकेक जण सांगत होता, "इथून रस्ता जाणार हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही." हे खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे. रस्ता आधी कागदावर येतो. कधीकधी वीस-पंचवीस वर्षं आधी येतो. तो कागद लोकांसमोर ठेवावा लागतो, त्यावर हरकत घेण्यासाठी मुदत द्यावी लागते, असं कायदा सांगतो. मुदत येते आणि निघून जाते, कारण त्या महिन्यात कुणाच्या पोराची दहावी असते, कुणाकडे लग्न असतं आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची बारीक टाइपातली नोटीस कुणी वाचत नाही. जेसीबी येतो तेव्हा तो कागद जुना झालेला असतो.

हा कागद म्हणजे काय, तो आपल्या गल्लीत कसा पोचतो, आणि गणपती बसवणाऱ्या कॉलनीच्या मंडळाने त्यात डोकं का घालावं, ते बघू.

आराखडा म्हणजे शहराचं वाटणीपत्र

गावाकडे चार भावांची वाटणी होते तेव्हा काय होतं आठवा. विहीर सामाईक, आंबा सामाईक, आणि मागच्या वाट्याकडे जायला पाणंद सोडायची. पाणंद सगळ्यांनाच हवी असते. फक्त ती माझ्या वाट्यातून नको, धाकट्याच्या बांधावरून जाऊ द्या. मग पंच बसतात आणि कागदावर रेघ ओढली जाते.

शहराचा विकास आराखडा हे असंच वाटणीपत्र. भाऊ चार नसतात, काही लाख असतात, एवढाच फरक. कुठे राहायचं, कुठे दुकानं, कुठे कारखाने, कुठे शेतीच ठेवायची, रस्ता किती रुंद, शाळा-दवाखाना-स्मशानभूमीला जागा कुठली, हे सगळं एका नकाशात. महाराष्ट्रात हे काम १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली चालतं. कचेरीत त्याला 'एमआरटीपी' म्हणतात. आराखडा एकदा मंजूर झाला की साधारण वीस वर्षांनी तो सुधारायचा असतो. प्रत्यक्षात किती उशीर होतो ते मराठवाड्याला सांगायची गरज नाही. संभाजीनगरचा सुधारित आराखडा न्यायालयीन वादात अडकला, वर्षं गेली. शेवटी जुना भाग आणि वाढीव हद्द एकत्र करून नवा प्रारूप आराखडा लोकांपुढे आला तो २०२४ मध्ये. दरम्यान लोकांनी घरं बांधायची थांबवली नव्हती.

आणखी एक गोम आहे. आपली जागा नेमकी कुणाच्या नकाशात येते, हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. संभाजीनगरच्या भोवती महापालिकेची हद्द वेगळी, सिडको या शहरं वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचं झालर क्षेत्र म्हणून ठरलेली कडेची गावं वेगळी, एमआयडीसी वेगळी. नांदेड-वाघाळा महापालिका १९९७ ची, लातूर आणि परभणी २०११ च्या, जालन्याची तर २०२३ ची. हद्द वाढते तेव्हा कालचं गाव आज वॉर्ड होतं, आणि कालच्या ग्रामपंचायतीच्या कागदाला आज कुणी ओळख देत नाही. म्हणून पहिला प्रश्न नेहमी हा विचारायचा: आमच्या गट नंबरचं नियोजन करणारं कोण?

चार शब्द, एकदाच

नकाशातल्या रंगाला *झोन* म्हणतात. पिवळा म्हणजे राहण्यासाठी, हिरवा म्हणजे शेती किंवा मोकळं. प्लॉटिंगवाल्याच्या तोंडी "यलोमध्ये आहे भाऊ, बिनधास्त घ्या" हे वाक्य असतं ते यावरून. खरं आहे का ते बघायचं तर नगररचना विभागातून 'झोन दाखला' आणि 'भाग नकाशा' काढायचा. दाखला म्हणजे रंग सांगणारा कागद, भाग नकाशा म्हणजे आपल्या गटाभोवतीचा आराखड्याचा तुकडा.

*आरक्षण* म्हणजे नोकरीतलं नव्हे. अमुक जागा मैदानासाठी, शाळेसाठी, भाजी मंडईसाठी राखून ठेवली, असं नकाशावर लिहिणं. जागा अजून मूळ मालकाचीच असते, पालिकेने ती पुढे ताब्यात घ्यायची असते. अशा जागेवर घर बांधलं तर काय होतं ते वेगळं सांगायला नको.

*एफएसआय*, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक: प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते. डिसेंबर २०२० पासून मुंबई सोडून बहुतेक राज्याला एकच एकत्रित बांधकाम नियमावली लागू आहे. तिच्यात गावठाणाबाहेरच्या भागात मूळ एफएसआय १.१ आहे. हजार फुटांचा प्लॉट असेल तर अकराशे फूट. त्यावर पैसे भरून किंवा टीडीआर (तो काय ते पुढे सांगते) विकत घेऊन आणखी मिळतं, पण किती मिळणार हे समोरचा रस्ता किती रुंद त्यावर ठरतं. रस्ता रुंद झाला की इमारत उंच होते, हे ध्यानात ठेवा. रुंदीकरणाला बिल्डर कधी विरोध का करत नाहीत, ते यातून उलगडतं.

*टीडीआर* जरा अवघड वाटतो, पण आडतीवर गेलेल्याला कळेल. सोयाबीन घातलं, आडत्याकडे रोख नव्हती, त्याने चिठ्ठी दिली. चिठ्ठी म्हणजे पैसे नव्हेत, पण ती चालते. टीडीआर तशी चिठ्ठी. रस्त्याला किंवा आरक्षणाला जागा दिली की पालिका पैशांऐवजी बांधकामाचा हक्क लिहून देते. तो दुसऱ्या प्लॉटवर वापरा किंवा विका. फक्त चिठ्ठी त्यालाच मिळते ज्याच्या नावाचा सातबारा किंवा पीआर कार्ड (शहरी जागेचा तसाच कागद) आहे. ही अट छोटी दिसते, पण आपल्या निम्म्या वस्त्यांची रडकथा तिच्यातच आहे.

एन-सेक्टर आणि वीस बाय तीस

१९७२ मध्ये सिडकोने तेव्हाच्या औरंगाबादला नवं शहर वसवायला घेतलं. एन-वन, एन-टू अशी सेक्टरं पाडली. घरं छोटी, पण आधी नकाशा, मग रस्ता, मग घर. प्रत्येक सेक्टरात शाळेची जागा, बाग, दुकानांची ओळ. २००६ मध्ये हा सगळा भाग महापालिकेकडे आला. तिथे आजही फिरताना पोरांना खेळायला जागा दिसते, अतिक्रमणं धरूनसुद्धा.

त्याच्याच पलीकडे गुंठेवारी. शेतकऱ्याला पैशाची नड, कामगाराला घराची नड. एकराचे तुकडे पडले, वीस बाय तीसचे, म्हणजे सहाशे चौरस फुटांचे. खरेदीखत होत नाही म्हणून बॉण्डवर, म्हणजे नुसत्या स्टँपपेपरवर लिहून व्यवहार. मधे पंधरा-वीस फुटांचा बोळ ठेवला की झाला रस्ता. मैदान, शाळा, दवाखाना? त्याला जागा सोडली तर प्लॉट कमी होतात. या वाटणीत पंच बसलेच नाहीत, सामाईक विहीर नाही, आंबा नाही, पाणंदसुद्धा बैलगाडीपुरतीच. लोक याला फसवणूक म्हणतात. मला वाटतं, फसवणूक होतीच, पण पगारात बसणारं दुसरं घर शहराने देऊ केलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

राज्याने २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला, १ जानेवारी २००१ पर्यंतच्या प्लॉटांसाठी. २०२१ मध्ये दुरुस्ती करून ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणली. शुल्क भरा, मोजणी करा, नकाशा द्या आणि नियमित व्हा. शुल्काच्या आकड्याला घाबरून अनेक जण "बघू पुढच्या वर्षी" म्हणत बसले आणि मग मार्किंग आलं.

आता हिशोब करा. बोळ वीस फुटांचा. आराखड्यात तिथे बारा मीटरचा रस्ता दाखवला, म्हणजे चाळीस फूट. (नकाशा मीटरमध्ये बोलतो आणि आपण फुटांत. निम्मे गोंधळ इथेच होतात. नऊ मीटर म्हणजे तीस फूट, अठरा म्हणजे साठ, चोवीस म्हणजे ऐंशी.) दोन्ही बाजूंनी सारखं घेतलं तर प्रत्येक घराचे दहा फूट जातात. वीस बाय तीसचं उरलं वीस बाय वीस. ओटा, जिना, बाथरूम गेलं, एक खोली अर्धी गेली. मंजूर लेआउटमधल्या माणसाला निदान टीडीआर किंवा मोबदला मागता येतो. बॉण्डवाल्याने मागायचं तर कशाच्या आधारावर?

ते तीस दिवस

आराखड्याचा प्रवास थोडक्यात असा. आधी पालिका जाहीर करते की आम्ही आराखडा करणार. मग सध्या कुठे काय आहे याचा सर्व्हे होतो. मग प्रारूप, म्हणजे कच्चा आराखडा राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत नोटीस देऊन प्रसिद्ध होतो आणि त्या दिवसापासून तीस दिवस हरकती-सूचना घेतल्या जातात. त्यावर नियोजन समिती सुनावणी घेते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचनेतले चारपर्यंत जाणकार असतात. मग आराखडा शासनाकडे जातो. शासनाला त्यात मोठे बदल करायचे झाले तर तेवढ्या बदलांवर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. मग मंजुरी.

मंजूर झाल्यावरही गोष्ट संपत नाही. कलम ३७ खाली छोटे फेरबदल करता येतात. मैदानाचं आरक्षण इकडून तिकडे सरकतं, एखाद्या पट्ट्याचा रंग बदलतो. त्यालाही नोटीस द्यावी लागते, हरकती घ्याव्या लागतात. ही नोटीस आराखड्याच्या नोटिशीपेक्षा लहान असते आणि ती वाचणारे त्याहून कमी.

आणि कलम १२७ तर पुष्कळांना ऐकूनही माहीत नसतं. आराखडा लागू होऊन दहा वर्षं झाली आणि पालिकेने आरक्षित जागा घेतली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत पालिकेने पाऊल उचललं नाही तर आरक्षण आपोआप उठतं. मालकाच्या बाजूने बघितलं तर हे न्याय्यच आहे. त्याने किती वर्षं जमीन अडकवून ठेवायची? पण कॉलनीच्या बाजूने बघा. वीस वर्षं सगळे "ते मैदान होणार आहे" म्हणत त्या गवताळ तुकड्याकडे बघतात, आणि एका सकाळी तिथे पत्रे ठोकलेले दिसतात. मधल्या दोन वर्षांत फाइल कुठे पडली होती, हे विचारायला कुणीच गेलेलं नसतं.

"मंडळ म्हणजे वर्गणी. त्याला झोनिंगचं काय कळतं?"

आमच्या कॉलनीची गोष्ट सांगते. शहराचं नाव राहू द्या, मराठवाड्यातलंच आहे. शे-सव्वाशे घरं, जुना लेआउट, मधे एक ओपन स्पेस. आमच्याकडचा प्रारूप आराखडा ऐन मार्चमध्ये आला. पाठीमागच्या गल्लीतून बारा मीटरचा रस्ता दाखवला होता.

रहिवासी संघाने रविवारी सकाळी सभा बोलावली. व्हॉट्सअपवर तीनदा निरोप टाकला. अकरा जण आले, त्यातले चार पदाधिकारी. नकाशा उन्हात गुंडाळला जात होता म्हणून चार कोपऱ्यांवर खडे ठेवले. सगळे वाकून बघत होते आणि कुणालाच काही कळत नव्हतं. एकाने नकाशा उलटा धरला होता हे दहा मिनिटांनी लक्षात आलं. "बघू, सोमवारी नगरसेवकांना भेटू," म्हणून सभा संपली.

मार्च म्हणजे कुरडयांचे दिवस. आमच्याकडे तीन-चार गच्च्यांवर आळीपाळीने काम चालतं. आज हिच्या कुरडया, उद्या तिचे पापड, परवा खारोड्या. पहाटे चिकाचं पातेलं चढतं आणि ऊन तापायच्या आत साडीवर सगळं घालून व्हायचं असतं. माझ्या सासूबाईंनी तो नकाशा तिथे नेला, झाकायला जुनं वर्तमानपत्र न्यावं तसा. भूमी अभिलेखमधून निवृत्त झालेले शेजारचे काका सोबत होते, कारण त्यांना मोजणीचा नकाशा वाचता येतो. त्यांनी आधी पाण्याची टाकी दाखवली, मग मारुतीचं मंदिर, मग किराणा दुकान. खुणा लागल्या की नकाशा बोलायला लागतो.

एका काकूंचा हात सोऱ्यावर तसाच थांबला. "आवो, ही रेघ तर माझ्या स्वयंपाकघरातून चालली की! कामून नेऊ लागलेत हितून?"

त्या आठवड्यात साठहून जास्त घरांनी हरकती लिहिल्या. पुरुषांची सभा जे करू शकली नाही ते गच्चीने केलं. कारण साधं होतं. गच्चीवर रोज भेटणाऱ्यांना एकमेकींच्या घराची लांबी-रुंदी, कर्जाचा हप्ता, आजारी सासरा हे सगळं ठाऊक असतं. रेघ कुणाच्या घरातून जाते याचं त्यांना दुखतं. ज्यांची ओळख फक्त वर्गणीच्या पावतीपुरती आहे, त्यांना सोमवारी नगरसेवकाला भेटू एवढंच सुचतं.

तर गणपती, कोजागिरी, भीमजयंती, हळदीकुंकू, ईदचा शीरखुर्मा, मुलांच्या क्रिकेट मॅचेस, यांना "नुसता टाइमपास" समजू नका. झोनिंग मंडळाला कळत नाही हे मान्य. ते तासाभरात समजावून देता येतं. पण साठ घरांना एका आठवड्यात एकाच कागदाकडे बघायला लावणं तासाभरात होत नाही. त्याची तयारी आधीची दहा वर्षं चाललेली असते.

नोंदणीचं म्हणाल तर फ्लॅटच्या इमारतीत सहकारी गृहनिर्माण संस्था असते किंवा १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालची असोसिएशन. बंगले-प्लॉटच्या कॉलनीत यापैकी काही लागू होत नाही. तिथे लोक १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली रहिवासी संघ नोंदवतात, सात सभासद पुरतात. बँक खातं, पत्रव्यवहार यासाठी नोंदणी सोयीची. हरकत घ्यायला मात्र तिची गरज नाही. कुणीही माणूस, अगदी भाडेकरूसुद्धा, हरकत किंवा सूचना देऊ शकतो.

"आमचा प्लॉट बॉण्डवरचा. आवाज केला तर आमच्यावरच यायचं"

ही भीती मी शंभरदा ऐकली आहे आणि ती खुळी नाही. अर्जावर गट नंबर लिहिला की आपण होऊन पत्ता दिल्यासारखं वाटतं.

पण पालिकेला पत्ता आधीच ठाऊक असतो. मालमत्ता कर तुम्ही भरता, नळपट्टी भरता, वीज मीटर आहे. आराखड्यासाठी सध्याच्या जमीनवापराचा सर्व्हे झालेला असतो, वरून काढलेली छायाचित्रं असतात. तुमची वस्ती कुणापासून लपलेली नाही. प्रश्न एवढाच उरतो, की नकाशात ती 'वस्ती' म्हणून येते का 'मोकळी जमीन' म्हणून. मोकळी दिसली की तिच्यावर आरक्षण पडतं, आणि आरक्षण पडलं की गुंठेवारी नियमित करणं अवघड होऊन बसतं. म्हणजे गप्प राहण्याने जे टाळायचं होतं तेच ओढवतं.

म्हणून अशा वस्तीची हरकत सोपी आणि कागदी असावी: इथे अमुक वर्षापासून इतकी घरं आहेत, कराच्या पावत्या सोबत, वीजबिलं सोबत, फोटो सोबत, सध्याचा वापर नकाशात चुकीचा दाखवला आहे, तो दुरुस्त करावा. यात गुन्ह्याची कबुली नाही. शक्य असेल त्याने नियमितीकरणाचा अर्जही टाकावा, आणि एकेकट्याने टाकण्याऐवजी पूर्ण गल्लीने मिळून टाकावा. मोजणी आणि आर्किटेक्टचा खर्च वाटला जातो, आणि रस्त्याची एकच रेघ सगळ्यांच्या नकाशात सारखी येते.

"मोठ्यांचंच ऐकतात. आमच्या अर्जाला कोण विचारतं?"

काही वेळा कुणीच विचारत नाही, हे कबूल करते. आमच्या सुनावणीला आम्ही पाच तास बसलो आणि आत चार मिनिटं मिळाली.

त्या चार मिनिटांत काय बोलायचं हे मात्र आपल्या हातात असतं. "आमच्यावर अन्याय झाला" हे समितीने सकाळपासून ऐकलेलं असतं. आमच्या काकांनी दुसरंच केलं. रस्ता नको असं ते म्हणालेच नाहीत. मागच्या गल्लीच्या दक्षिणेला सरकारी गायरानाची पट्टी आहे, मध्यरेषा सहा मीटर तिकडे सरकवली तर एकही घर जात नाही आणि रस्त्याची रुंदी तेवढीच राहते, हे त्यांनी मोजणीच्या नकाशावर पेन्सिलने दाखवलं. समितीतल्या एका माणसाने चष्मा वर करून तो नकाशा जवळ ओढून घेतला. पाच तासांत कुणी कागद जवळ ओढून घेतलेला तेवढाच बघितला. पंचांपुढे नुसतं रडणाऱ्या भावापेक्षा "पाणंद इकडून न्या, विहिरीलाही जवळ पडते" म्हणणाऱ्या भावाचं ऐकलं जातं.

न्यायालयाचंही एक उदाहरण हाताशी ठेवा. बंगळूरमध्ये एका वसाहतीत बागेसाठी राखलेली जागा खासगी दवाखान्याला देण्यात आली होती. तिथले रहिवासी कोर्टात गेले. समोरच्यांचा मुद्दा होता, यांचा संबंध काय? १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्या भागात राहणाऱ्यांचा संबंध आहेच, आणि लोकांसाठी राखलेली मोकळी जागा अशी खासगी वापराला देता येत नाही. पुण्यात एरंडवण्यातल्या प्राथमिक शाळेच्या आरक्षणाचं प्रकरणही असंच लढलं गेलं आणि २०११ मध्ये निकाल शाळेच्या बाजूने लागला. एवढं खरं, की ते प्रकरण दशकभराहून जास्त चाललं. कोर्ट हा पहिला दरवाजा समजू नये. तिथे पोचायचं झालं तरी पहिला प्रश्न येतो: मुदतीत हरकत घेतली होती का?

निवडून आलेलं सभागृह नसेल तर? हाही आपल्याकडचाच प्रश्न. संभाजीनगर महापालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली आणि पाच वर्षांहून जास्त काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. नगरसेवक नसतो तेव्हा गल्लीतून कचेरीत जाणारी नेहमीची वाट बंद होते, आणि संघाने लिहिलेल्या पत्राचं वजन वाढतं. तसं पाहिलं तर १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या, आणि राज्याने २००९ मध्ये गावच्या ग्रामसभेसारखी शहरात 'क्षेत्रसभा' कायद्यात आणली. मी आजवर एकाही क्षेत्रसभेला बसलेली नाही. तुम्ही बसला असाल तर नशीबवान आहात.

कॉलनीवालेच अडवून बसतात त्याचं काय?

हा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो. रहिवासी संघ म्हटलं की डोळ्यांपुढे येतात त्या पाट्या: 'भाजीवाल्यांना प्रवेश बंद', 'बॅचलरना घर मिळणार नाही'. काही ठिकाणी पाटी नसते, आडनाव विचारलं जातं. अंगणवाडी नको, कारण किलबिलाट होतो. रुग्णालय नको, कारण गाड्या येतात. वसतिगृह नको, कारण मुली की मुलं ते ठरत नाही. मग हे सगळं जाणार कुठे? पलीकडच्या गुंठेवारीत, जिथे संघ नाही.

पाणंद नको म्हणणारा भाऊ तो हाच. एकत्र येण्याची ताकद चांगल्या कामाला वापरता येते तशी दार लावायलाही. कायद्यात यावर एक चांगला उपाय आहे. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आला. त्यात भाजीवाला कुठे बसणार हे ठरवणाऱ्या समितीत निदान चाळीस टक्के सदस्य विक्रेते असतात आणि रहिवासी संघांनाही जागा आहे. म्हणजे गेटवर पाटी लावण्याऐवजी समोरासमोर बसून जागा ठरवा. आमच्याकडे समिती नव्हे, पण असंच झालं. सकाळी सात ते दहा ओपन स्पेसच्या पूर्वेच्या कडेला चार हातगाड्या, नंतर झाडलोट त्यांनीच करायची. मेथीची जुडी पाच रुपयांनी स्वस्त पडते हा आमचा स्वार्थ.

संघाची पारख करायची माझी एक साधी खूण आहे. त्यात भाडेकरू आहेत का, आणि घरकाम करणाऱ्या मावशी राहतात त्या मागच्या ओळीतलं कुणी आहे का. नसेल तर तो रहिवाशांचा संघ नव्हे, घरमालकांचा.

ओपन स्पेस: मधला उकिरडा की मधलं अंगण

कुठल्याही मंजूर लेआउटमध्ये, जमीन चार हजार चौरस मीटर किंवा जास्त असेल तर, दहा टक्के जागा मोकळी ठेवावीच लागते. आरक्षण आणि ही ओपन स्पेस यांत गल्लत करू नका. आरक्षण शहरासाठी असतं, ओपन स्पेस लेआउटमधल्या प्लॉटधारकांसाठी. तुम्ही प्लॉट घेतला तेव्हा त्या दहा टक्क्यांचेही पैसे मोजलेत.

आमची ओपन स्पेस दहा वर्षं बाभळी आणि बांधकामाच्या राडारोड्याखाली होती. आधी कुणीतरी वाळू टाकली, मग ट्रॅक्टर लागायला लागला, मग ट्रॅक्टरवर सावली म्हणून चार पत्रे. पत्र्यांना भिंत फुटायला वेळ लागत नाही. संघाने माहिती अधिकारात मंजूर लेआउटची प्रत मागवली. ती दोन महिन्यांनी आली, पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली, पण शिक्क्याची. ती फ्लेक्सवर छापून ओपन स्पेसच्या तोंडाशी लावली: हद्द, मापं, क्षेत्रफळ. ट्रॅक्टर आठवड्यात निघाला. मग पोरांनी स्टंप ठोकले, बायकांनी एका कोपऱ्यात खाटा आणून पापड वाळत घातले. वापरात असलेल्या जागेवर पत्रे ठोकायला माणूस दोनदा विचार करतो.

मंदिर बांधायचंही निघालं होतं. तिथे मोठा वाद झाला, दोन घरं अजून बोलत नाहीत. मंदिराला विरोध नव्हता, पण मोकळ्या जागेवर एक पक्कं बांधकाम झालं की दुसऱ्याला नाही कसं म्हणणार, हा मुद्दा होता. शेवटी पिंपळाला पार बांधला आणि विषय थांबवला.

हरकत लिहिताना

वकील लागत नाही, मराठीत लिहायचं. आराखड्यातला प्रस्ताव किंवा आरक्षण क्रमांक, गट नंबर, रस्त्याची रुंदी मीटरमध्ये. नकाशातली नेमकी चूक काय. आपल्याला काय हवं आणि पर्याय कोणता. भाग नकाशावर लाल पेनाने खूण. सुनावणीला बोलवावं अशी विनंती, नाव, पत्ता, फोन, सही. साठ घरांनी एकच झेरॉक्स देऊ नका, समिती ती एकच हरकत म्हणून वाचते. मुद्दा सारखा असला तरी प्रत्येकाने स्वतःच्या घरावर त्याचा काय परिणाम होतो ते दोन ओळींत लिहावं.

आणि आवक खिडकीवर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. आमच्या काकूंना खिडकीतल्या माणसाने सांगितलं, "राहू द्या मावशी, नोंद होते." त्या तिथेच फरशीवर मांडी घालून बसल्या. पिशवीतून कुरडयांचा डबा काढला, त्यालाही दिल्या, आणि म्हणाल्या, "होऊ द्या नोंद. मी बसते तवर."

ती पोच त्यांनी लॅमिनेट करून घेतली आहे. रस्त्याची मध्यरेषा सरकली का नाही, हे अजून शासनाच्या टेबलावर आहे.